विहिरी खोदणाऱ्या घरातला मुलगा आणि भूशास्त्राची पदवी

भूशास्त्राच्या शिक्षणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. लिहिणारे बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर होऊ घातलेले विद्यार्थी, नाहीतर त्यांचे पालक आणि शिक्षक आहेत. सरकारी योजनांच्या रकमा आणि अटी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना स्वतः वाचावी.

प्रश्न : आम्ही वडार समाजाचे. माझ्या वडिलांनी आणि मी जन्मभर विहिरी खोदल्या, दगड फोडले. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. त्याचे सर म्हणतात, भूशास्त्र घे. दगडातून सुटावा म्हणून पोराला शिकवले, आता पुन्हा दगडच? यात नोकरी आहे का? शिकायचे कुठे?
— एक पालक, मंगळवेढा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. भूशास्त्रज्ञाच्या हातातही हातोडा असतो, पण त्याला पैसे मिळतात ते दगडाखाली पाणी लागेल का, धरणाचा पाया या खडकावर टिकेल का, खाणीत खनिज किती टन आहे, हे खात्रीने सांगण्याचे. विहिरीच्या काठावर तुम्ही हेच सांगत आलात. ‘मुरूम संपला, मांजऱ्या खडक लागला, अजून चार हात गेलो तर पाणी फुटेल’ असा अंदाज बांधणारा माणूस आणि विद्यापीठात भूजल शिकवणारा माणूस एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. दुसरा ते मोजतो, लिहितो, नकाशावर मांडतो, म्हणून त्याचे म्हणणे सरकारदरबारी चालते. तुमच्या मुलाला मोजणे, लिहिणे आणि मांडणे शिकायचे आहे. पाहायला तो घरीच शिकला आहे.

आता नोकऱ्यांचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (१८५१ साली स्थापन झालेली संस्था, मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात), केंद्रीय भूजल मंडळ, राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, राज्याचे भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यातली खनिकर्म कार्यालये, नागपूरच्या मॉयल (मँगनीज) आणि वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) या सरकारी कंपन्या, शिवाय बोगदे, धरणे, मेट्रो यांची कामे घेणारे खासगी कंत्राटदार. पण हेही आधीच सांगितलेले बरे, की नुसत्या बी.एस्सी.वर यातल्या फार थोड्या जागा मिळतात. बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. मागतात. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांची तयारी हवी. तीन वर्षांत घर सावरेल या हिशेबाने मुलाला पाठवलेत, तर तो ऐन मोक्यावर शिक्षण सोडेल.

भूगोल आणि भूशास्त्र यांत गल्लत करू नका. प्रवेशाच्या खिडकीवर ही चूक सर्रास होते आणि ती कळेपर्यंत दोन वर्षे गेलेली असतात. भूगोलाची पदवी वाईट नाही, पण तिच्यावर भूवैज्ञानिकाच्या जागांसाठी अर्ज करता येत नाही. प्रवेश अर्जावर ‘जिऑलॉजी’ हाच शब्द आहे ना, आणि तो मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत मिळतो ना, हे विभागात जाऊन विचारा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर काही महाविद्यालयांत एखादा विषय फक्त दुय्यम म्हणून घेता येतो. दुय्यम विषयावर पुढचे दार उघडेलच असे नाही.

गणिताचेही तसेच. बारावीला मुलाने गणित सोडले नसेल तर उत्तम. अनेक आयआयटींत भूविज्ञानाच्या एम.एस्सी.साठी बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट असते. ‘जीवशास्त्र सोपे, गणित सोड’ हा सल्ला देणाऱ्याला ही अट सहसा माहीत नसते.

पदवीसाठी पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे सेंट झेवियर्स ही जुनी नावे आहेत. एम.एस्सी.साठी तुमच्या जवळ सोलापूर विद्यापीठाचे भूशास्त्र संकुल आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, नागपूर आणि अमरावती विद्यापीठांचे विभाग, गोवा विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई हेही पर्याय आहेत.

प्रवेशापर्यंत मुलाला एक काम द्या. गावातल्या एखाद्या उघड्या, न बांधलेल्या विहिरीचा छेद काढायला सांगा. दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ मारायची, टोकाला वजन बांधायचे, काठावर तुम्ही स्वतः उभे राहायचे आणि मुलाने वहीत उभा पट्टा आखून थर भरायचे. काळी माती किती, मुरूम किती, पांढरे ठिपके असलेला मऊ मांजऱ्या कुठून कुठपर्यंत, काळा पाषाण कुठे सुरू झाला, मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा आहे का, पाझर नेमका कोणत्या सांध्यातून येतो. एक सेंटीमीटर म्हणजे एक मीटर असे प्रमाण धरायचे. तारीख आणि पाण्याची पातळी लिहायची. मे महिन्यात एकदा, ऑक्टोबरात एकदा. तो तांबडा पट्टा म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात झिजून तयार झालेली जुनी माती. पहिल्या वर्षाला हे शिकवतात तेव्हा शहरातली मुले चित्र बघतात. तुमच्या मुलाच्या वहीत ते मोजून लिहिलेले असेल.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातली, अनुसूचित जमातीची विद्यार्थिनी. नागपूरला बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो आहे. वसतिगृहाचे नक्की नाही. जातवैधता अजून झालेली नाही. पैसे वेळेवर येत नाहीत असे मैत्रिणी सांगतात. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, अहेरी

उत्तर : वैधतेपासून, आणि आजच. बाकी कागद आठवड्यात होतात. वैधतेला महिने लागतात. अर्ज अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे जातो. पुरावा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा लागतो. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.) आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसेल, तर तहसील कार्यालयातून जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता झाली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र ही सगळ्यांत भक्कम जोड. नावाच्या स्पेलिंगमधला फरक, आडनाव एका कागदावर असणे आणि दुसऱ्यावर नसणे यावर प्रकरणे अडतात. तो फरक लपवू नकोस. त्याचे शपथपत्र आधीच जोड.

त्यानंतर आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज. प्रवेश मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत जेवण, निवास आणि निर्वाहभत्ता मिळून नागपूर-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, लहान शहरांत त्याहून कमी. वसतिगृहाचा अर्जच केला नाही, तर स्वयम् मध्ये अडचण येते. म्हणून आधी तो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, इतर मागास आणि भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना.

महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी. तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि तहसीलदाराचा दाखला चालू वर्षाचा लागतो. इथे पैसा अडकतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, खाते आधारशी जोडलेले असते पण थेट लाभासाठी बँकेने त्याची नोंद केलेली नसते. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असेच शब्द वापरून अर्ज दे आणि पोच घे. दोन, तुझा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघ, आणि ‘संस्थेकडे प्रलंबित’ दिसले की शिष्यवृत्तीच्या लिपिकाला भेट. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हे दुसऱ्या वर्षी पुष्कळ जण विसरतात. आणि काही वेळा महाविद्यालयाच्या शुल्काचा भागही तुझ्याच खात्यावर येतो. तो पैसा घरखर्चात गेला, तर वर्षाअखेरीस परीक्षेच्या अर्जावर सही मिळत नाही. रक्कम येताच शुल्क भरून पावती घे.

पहिले तीन-चार महिने हातात काहीच येणार नाही असे धरूनच निघ. विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात सांग. सवलतीने शुल्क घेणे, हप्ते पाडणे, विद्यार्थी कल्याण निधीतून मदत मिळवणे हे त्यांच्या हातात असते, पण कुणी सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी कशीबशी इंग्रजीतून. बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात भूशास्त्राचे दोन पेपर राहिले. पुस्तक उघडले की एका ओळीत चार अनोळखी शब्द. सोडून देऊ का?
— एक विद्यार्थी, किनवट

उत्तर : सोडू नका. भूशास्त्राचे इंग्रजी इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच परके असते. ‘अमिग्डलॉइडल’ हा शब्द त्यांनीही घरी ऐकलेला नसतो. ती तो न घाबरता उच्चारतात, एवढाच फरक.

हे शब्द तुकड्यांनी बनलेले असतात. ‘लिथ’ म्हणजे दगड. तो कळला की लिथोस्फिअर, बॅथोलिथ, लिथॉलॉजी हे शब्द आपोआप उलगडतात. ‘अमिग्डल’ म्हणजे बदाम. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या की बदाम पेरल्यासारखे दिसतात, म्हणून ते नाव. असे पन्नास-साठ तुकडे पहिल्या वर्षाचा बराच भार उचलतात. एक वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी शब्द, खाली चित्र, आणि प्रयोगशाळेतल्या ज्या नमुन्यात ती गोष्ट दिसते त्याचा क्रमांक. डिप म्हणजे नती (थराचा उतार आडव्या पातळीशी करतो तो कोन), स्ट्राइक म्हणजे नतिलंब (त्या उताराला काटकोनात असलेली थरावरची आडवी दिशा), फॉल्ट म्हणजे विभंग, फोल्ड म्हणजे घडी. नमुन्याचा क्रमांक नसेल तर शब्द पाठ होतो, दगड ओळखता येत नाही. धडा वाचण्यापूर्वी मराठी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद वाचा. ती घरबसल्या मोफत वाचता येते, आणि भूविज्ञानाच्या नोंदी विश्वकोशाने जीव ओतून केल्या आहेत. मग इंग्रजी धडा अर्ध्या वेळात होतो.

उत्तर लिहिताना वाक्ये लहान ठेवा आणि प्रत्येक उत्तरात आकृती काढा. बाण, नावे, प्रमाण असलेली नीट आकृती कच्च्या इंग्रजीला सांभाळून घेते.

प्रात्यक्षिकात गुण जातात ते घाईने नाव सांगितल्यामुळे. दगड हातात घेतला की आधी नाव ओठावर येऊ देऊ नका. ताज्या तुटलेल्या पृष्ठाचा रंग, कणांचा आकार, कण एकसारखे की लहानमोठे, पोकळ्या किंवा पट्टे, दिसणारी खनिजे, कठीणपणा, आणि सगळ्यांत शेवटी नाव. नाव चुकले तरी आधीच्या नोंदींचे गुण मिळतात. पोकळ्यांतल्या पांढऱ्या भरणाबद्दल नेहमी घोळ होतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. फसफसले तर कॅल्साइट. नाही फसफसले तर चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. चाकूच झिजला आणि दगडावर रेघ उठली नाही तर ती गारगोटीच्या जातीतली, क्वार्ट्झची. ओरखडा उठला तर बहुधा झिओलाइट.

सूक्ष्मदर्शकाची भीतीही अशीच कमी होते. खडकाची काप ०.०३ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येईल इतकी पातळ. बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची काप लावा आणि वरचा ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी काच) आत ढकला. करड्या-पांढऱ्या, काड्यांसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या दिसतील. काप ठेवलेला मंच हळू फिरवला की एकाच काडीतल्या उभ्या रेघा आळीपाळीने काळ्या-पांढऱ्या होतात. ते प्लॅजिओक्लेज हे खनिज. काड्यांच्या मध्ये अडकलेले, पिवळे-निळे-नारिंगी झळकणारे कण म्हणजे पायरॉक्सिन. मंच कितीही फिरवा, ध्रुवक काढा किंवा घाला, जे काळेच राहते ते लोहखनिज. एवढी तीन ओळखता आली की बेसाल्टची काप वाचता आली. विभागात सूक्ष्मदर्शक कमी आणि मुले जास्त असतात, म्हणून तासाला पुढे जाऊन बसा आणि रिकाम्या वेळेत अर्धा तास मागून घ्या. नेत्रिकेवर मोबाइलचा कॅमेरा धरून ध्रुवकासह आणि ध्रुवकाशिवाय अशी जोडीने छायाचित्रे घ्या. घरी उजळणीला तीच कामी येतात. रंगांध विद्यार्थ्याने आधी शिक्षकांना सांगावे. जुळ्या रेघा, उठाव (खनिज किती उठून दिसते) आणि विलोपनाचा कोन (मंच फिरवताना खनिज काळे पडते तो कोन) यांवरून बरीचशी खनिजे ओळखता येतात.

संरचना भूशास्त्रात राहिला असाल तर अडचण त्रिकोणमितीची असणार. एकच सूत्र पक्के करा: आभासी नतीचा, म्हणजे तिरक्या छेदात दिसणाऱ्या नतीचा टॅन बरोबर खऱ्या नतीचा टॅन गुणिले, छेदाची दिशा आणि नतिलंब यांतल्या कोनाचा साइन. खरी नती ३० अंश, छेद नतिलंबाशी ४५ अंशांत. ०.५७७ गुणिले ०.७०७ म्हणजे ०.४०८. कोन सुमारे २२ अंश. आभासी नती खऱ्या नतीपेक्षा जास्त आली की समजा, साइनने गुणण्याऐवजी भागून गणित उलटे केले आहे. अशी वीस गणिते हाताने सोडवा. पुठ्ठ्याचा तिरका उतार करून त्यावर पट्टी ठेवून एकदा डोळ्यांनी पाहा, म्हणजे सूत्र विसरणार नाही.

प्रश्न : मी ग्रामीण महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला मुले चांगली येतात. पण दुसऱ्या वर्षीच्या आठ दिवसांच्या क्षेत्रभेटीला भटक्या, आदिवासी समाजातल्या मुली येत नाहीत आणि तिथून त्या विषयच सोडतात. पालक ‘पाठवणार नाही’ म्हणतात. काय करावे?
— एक प्राध्यापिका, मराठवाडा

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी मोक्याचे आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, थर जवळजवळ आडवे. घड्या, विभंग, रूपांतरित खडक बघायला बाहेर जावेच लागते, आणि जी मुलगी गेली नाही तिला पुढचे दोन पेपर अंधारात चाचपडत द्यावे लागतात. ‘पाठवणार नाही’ या एका वाक्यामागे सहसा पैसा, शौच, सोबत आणि मजुरी यांपैकी काहीतरी असते. वर्गात उभे करून विचारले तर कुणी सांगत नाही. चिठ्ठीवर विचारा.

पैशाचे म्हणाल तर ‘आधी भरा, मग परत मिळतील’ ही पद्धतच बंद व्हायला हवी. ज्या घरात महिनाअखेर किराणा उधार येतो तिथे चार हजार रुपये दोन महिने अडकवणे शक्य नसते. विभागाने निधीतून थेट बस आणि मुक्काम भरावा. महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम जून महिन्यातच धरून ठेवा, जानेवारीत मागितली तर मिळत नाही.

साहित्याची विभागात पेटी करा. २४ विद्यार्थ्यांसाठी १० पट भिंगे २४, होकायंत्रे ८ (तिघांत एक), हातोडे १२, संरक्षक चष्मे २४, आणि वेगवेगळ्या मापांचे घोट्यापर्यंतचे बूट दहा-बारा जोड. बुटांवर हात आखडू नका. चपलेत चढताना पाय मुरगळून पहिल्याच दिवशी गाडीत बसून राहिलेली मुलगी पुढच्या वर्षी येत नाही. आणि बेसाल्टवर हातोडा मारला की काचेसारखी कपची उडते, तेव्हा चष्मा सगळ्यांना सक्तीचा. आम्ल विभागातच तयार करा: तीन भाग पाण्यात एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू ओतायचे, म्हणजे साधारण दहा टक्क्यांचे होते. पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही. ३० मिलिलिटरच्या ड्रॉपर बाटल्या, नाव लिहून, उभ्या राहतील अशा डब्यात.

शौचाबद्दल मुली बोलणार नाहीत, तुम्हीच बोला. सोय नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी उन्हात चक्कर येऊन पडतात. मग ‘मुलींना झेपत नाही’ असा शेरा बसतो. मार्ग आखताना दर दोन-अडीच तासांनी स्वच्छ शौचालय असलेला पेट्रोल पंप, शाळा किंवा ग्रामपंचायत नकाशावर खूण करून ठेवा आणि आधी फोन करा. जिथे काहीच नाही तिथे घडीचा लहान तंबू न्या. प्रत्येकीमागे दिवसाला तीन-चार लिटर पाणी धरा. सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या, साबण एका पेटीत बसमध्ये ठेवा, कुणाला न विचारता घेता येतील असे.

पालकांना भेटायला घरी किंवा पालावर जा, आणि एकट्या न जाता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला सोबत न्या. रोजचे ठिकाण, मुक्कामाचा पत्ता, सोबतच्या दोन महिलांची नावे आणि फोन हे सगळे मराठीत एका कागदावर लिहून द्या. संध्याकाळी सातला घरी फोन लावून द्यायची वेळ ठरवा आणि ती पाळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५च्या विनियमांनुसार अभ्याससहलही महाविद्यालयाच्या आवारातच मोडते. अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते हे निघण्यापूर्वी मुलामुलींना एकत्र बसवून सांगा.

मजुरीचा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो. ऊसतोडीच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, या मुली घरची लहान भावंडे सांभाळतात किंवा स्वतः कोयता धरतात. तुमच्या भागात असे असेल तर भेट ऑक्टोबरच्या अखेरीस घ्या, पाऊस संपलेला आणि तोड सुरू व्हायची असते. तेही जमले नाही तर आठ दिवस सलग न करता तीन अधिक तीन अधिक दोन असे तुकडे पाडा.

प्रत्यक्ष जागेवर एक गोष्ट आठवणीने बघा. तिघांच्या गटात होकायंत्र मुलाच्या आणि वही मुलीच्या हातात जाते, आणि आठ दिवस तसेच राहते. दर थांब्याला कामे फिरवा: एक मोजेल, एक लिहील, एक रेखाटेल. होकायंत्राचे वाचन चुकले तर आधी हातोडा, मोबाइलचे चुंबकी कव्हर, पट्ट्याचे बक्कल दूर करायला सांगा. काही बेसाल्ट स्वतःच इतके चुंबकीय असतात की सुई ओढली जाते. होकायंत्र खडकाला न टेकवता वहीच्या पाठीवर ठेवून, किंवा दोन पावले मागे सरून दूरची दिशा घेऊन ताडून पाहावे. ‘तुला वाचता येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी हे तपासायलाच हवे.

प्रश्न : माझा डावा पाय पोलिओने अधू आहे. भूशास्त्र माझ्यासाठी नाहीच का?
— एक विद्यार्थी, कणकवली

उत्तर : आहे. खडकांच्या कापांचा अभ्यास, भूरसायन, सूक्ष्मजीवाश्म, उपग्रह प्रतिमा आणि भौगोलिक माहिती प्रणाली या शाखांतले बहुतेक काम टेबलावरचे आहे. क्षेत्रभेट टाळू नका, विभागाकडून ती बदलून घ्या. तुमच्या सिंधुदुर्गातच रस्त्यालगतच्या कापांत आणि चिऱ्याच्या खाणींत जांभ्याचा छेद गाडीतून उतरून चार पावलांवर बघता येतो. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. नोकरीच्या जाहिरातीत कोणत्या पदाला कोणते अपंगत्व चालते याची यादी असते. ती एम.एस्सी.ची शाखा निवडण्यापूर्वी बघा.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही विमुक्त जाती (अ) प्रवर्गात येतो. पुढच्या परीक्षा कोणत्या, आणि तिथे आमचे आरक्षण कसे चालते? आणि बाईमाणसाला खाणीत काम देतात का?
— एक आई, बार्शी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी. पूर्वी स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला कायद्याने बंदी होती. जानेवारी २०१९च्या केंद्राच्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी ती उठली. लेखी संमती आणि किमान तिघींचा गट अशा अटींवर. आणि खाण हा एकच रस्ता नाही. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत या समुद्रवैज्ञानिक आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भूशास्त्रज्ञ १९८३ सालीच भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेल्या होत्या.

आरक्षणाचा घोळ मात्र नीट समजून घ्या, इथे हुशार मुलींचे वर्ष जाते. विजा-अ, भज-ब, क, ड हे प्रवर्ग फक्त महाराष्ट्राचे. आयआयटी आणि केंद्रीय लोकसेवा आयोग यांच्याकडे ते नाहीत. तिथे तुमची जात केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत पाहावी लागते आणि ‘ओबीसी नॉन-क्रिमी लेअर’ प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात घ्यावे लागते. राज्याच्या नमुन्यातले चालत नाही. जाहिरातीत सांगितलेल्या तारखेनंतर काढलेलेच लागते. सेतू केंद्रात ‘केंद्र शासनासाठी’ असे स्पष्ट सांगा आणि एप्रिल उजाडला की नवे काढा.

आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. मुलींना शुल्क निम्मे. भूशास्त्राचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. एकच पर्याय बरोबर असलेल्या ३० प्रश्नांत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश कापतात. एकाहून अधिक पर्यायांच्या १० आणि आकडा लिहायच्या २० प्रश्नांत चुकीला काही कापत नाहीत, म्हणून ते कोरे ठेवू नयेत. आकड्याचे प्रश्न म्हणजे नतीची, घनतेची, भूजलाच्या वेगाची गणिते. मराठी माध्यमातल्या मुलींनी आपला जोर तिथेच लावावा, कारण तिथे इंग्रजी फारसे आडवे येत नाही.

एम.एस्सी.च्या वर्षात ओएनजीसीची शिष्यवृत्ती बघा, वर्षाला ४८,००० रुपये. भूविज्ञान आणि भूभौतिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा तिच्यात वेगळा वाटा असतो. अर्ज पहिल्याच वर्षात करावा लागतो.

नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा. वय २१ ते ३२, इतर मागासवर्गाला तीन वर्षे आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे सवलत. मुलींना शुल्क नाही. पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, त्यातले १०० सामान्य ज्ञानाचे आणि ३०० विषयाचे. मुख्य परीक्षा ६०० गुणांची, २०० चे तीन पेपर, आणि मुलाखत २००. पूर्वपरीक्षेचे गुण शेवटच्या यादीत धरतात, म्हणून ‘पास झाले की झाले’ असे समजून तिथे हात राखू नये. मुख्य परीक्षेत उत्तरे इंग्रजीत लिहायची असतात. तयारीला रोज एक प्रश्न, वीस मिनिटे, दोन पाने, एक आकृती. लिहिलेले उत्तर दर आठवड्याला कुणाकडून तरी तपासून घ्यायचे. तपासणारा भूशास्त्राचाच हवा असे नाही, इंग्रजीचे शिक्षकही चालतील. बार्टी, टीआरटीआय, महाज्योती आणि सारथी या संस्था स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीला मदत करतात. विमुक्त-भटक्यांसाठी महाज्योतीच्या संकेतस्थळावर जून महिन्यापासून लक्ष ठेवा.